वाट अडवून फोटो

क्योतोच्या फुशिमी इनारी देवळात मी चौथ्यांदा गेले आणि चौथ्यांदाही तेच! सेनबोन तोरिईच्या, म्हणजे एकामागोमाग उभ्या कमानींच्या, त्या अरुंद शेंदरी बोगद्यात कोणीतरी वाट अडवून उभं आणि मागे सगळी रांग खोळंबलेली. एक फोटो, केस सारखे करून दुसरा, मग "आता तू उभी राहा". अहो, ही देवाची वाट आहे! यातली एकेक कमान कुणीतरी धंद्याला बरकत यावी म्हणून, नाहीतर नवस फेडायला दिलीय. मागच्या बाजूला देणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. तिलाच पाय लावून टेकायचं? अंगाची नुसती लाही होते. माझ्यापुढे एक जपानी आजी काठी टेकून थांबल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

बरं, ही वाट चढते तो डोंगर केवढा? 233 मीटर. थोडं वर चढलं की गर्दी विरळ होते, तिथे काढा ना हवे तेवढे! खालच्या खाऊगल्लीतही तीच तऱ्हा. दुकानासमोर उभं राहून खायचं सोडून याकितोरीच्या, म्हणजे भाजलेल्या चिकनच्या, चिकट काड्या घेऊन गर्दीत घुसतात. परवा एका लहान मुलाच्या डोळ्याशी काडी आली, थोडक्यात वाचला. पुढच्या महिन्यात आईला घेऊन जायचंय, तिला तरी शांतपणे हात जोडू द्या!