सोलर टप: नुसतं चिकटवून का भागत नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

विजेवरच्या गाडीच्या टपातच सौर सेल बसवण्याबद्दल मी लिहिलेल्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. बाजारात शंभर वॅटचं वाकणारं पॅनेल काही हजारांत मिळतं, ते टपाला चिकटवलं की काम झालं, बॉडीतच सेल बसवण्याचा एवढा बाऊ कशाला, हा पहिला. दुसरा, लावायचंच तर फक्त टपावर का, जर्मनीच्या 'सिऑन' या सौर गाडीसारखे दरवाजे आणि बॉनेटही का नाहीत. आणि तिसरा, 'रोज १२ किलोमीटर उन्हावर' हा माझा आकडा कंपनीच्या जाहिरातीतला वाटतो.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. पॅनेलवर छापलेले वॅट हे सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात. मी तेच धरून हिशेब केला, ही माझी चूक. आता नीट मांडतो. छोट्या गाडीच्या टपावर सेल बसतील अशी जागा साधारण १.३ चौरस मीटर निघते. २२ टक्के कार्यक्षमतेचे सेल धरले तर २८० वॅट. पुण्यात आडव्या पृष्ठभागावर वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ५.५ तासांचं पूर्ण ऊन मिळतं, म्हणजे कागदावर दीड युनिट. त्यातून उष्णतेचे १२ टक्के, कन्व्हर्टरचे १० टक्के आणि धूळ व टपाच्या गोलाईचे ८ टक्के वजा करा. हातात १.१ युनिट उरतं. किलोमीटरला १२० वॅट-तास खाणाऱ्या गाडीला ते ९ किलोमीटर पुरेल, तेही गाडी दिवसभर उघड्यावर उभी असेल तर. अर्धा दिवस सावलीत गेला की साडेचार. मूळ लेखातला आकडा दुरुस्त केला आहे.

आता चिकटवण्याबद्दल. उष्णतेचे जे १२ टक्के वर धरले, ते पॅनेलच्या पाठीमागून हवा खेळत असेल तरच. पॅनेल थेट पत्र्याला चिकटवलं की एप्रिल-मेच्या दुपारी सेल ७५ अंशांपर्यंत सहज जातो. साध्या सिलिकॉन सेलची ताकद दर अंशाला ०.३५ टक्क्याने घटते. ५० अंश जास्त म्हणजे १७ टक्के गेले, शंभर वॅटचे ८३ झाले. एवढं सोसता येईल. खरं नुकसान प्रसरणातून होतं, आणि ते आधी डोळ्यांना दिसतच नाही.

१.४ मीटर लांबीचा पॉलिकार्बोनेटचा टप घ्या. तो ५० अंशांनी तापला की साडेचार मिलिमीटर वाढतो. तेवढ्याच लांबीचं सिलिकॉन ०.२ मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. सेल ठिसूळ असल्यामुळे तो ताणला जात नाही, म्हणून सगळा ताण दोन सेलमधल्या फटीवर येतो. लांबीत आठ सेल असतील तर प्रत्येक फट रोज दुपारी अर्धा मिलिमीटर उघडते आणि रात्री मिटते. त्या फटीतून गेलेली कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची पट्टी शंभर-दोनशे दिवस वाकते, मग सोल्डरच्या कडेलाच तुटते. पॅनेल वरून नव्यासारखं दिसतं. मल्टिमीटर लावला तर व्होल्टेजही कधी कधी पूर्ण दाखवतं, कारण पट्टीची टोकं थंडीत एकमेकांना टेकलेली असतात. भार लावला की शून्य! म्हणून बॉडीत सेल बसवणारे पट्टीला फटीत मुद्दाम एक बारीक वळसा ठेवतात, किंवा दोन्ही टोकं मागच्या बाजूला असलेले सेल घेऊन त्यांना लवचीक जोडपट्टीने जोडतात. स्टीलच्या पत्र्याचं प्रसरण ०.८ मिलिमीटरच असतं, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. पण चिकटवलेल्या पॅनेलचा स्वतःचा प्लॅस्टिकचा थर असतोच, आणि तोही सिलिकॉनपेक्षा कितीतरी जास्त फुगतो.

दुसरी अडचण दुहेरी गोलाईची. नारळाला कागद गुंडाळून पाहा, कितीही ताणला तरी चुण्या पडतातच. टप लांबीतही वाकलेला असतो आणि रुंदीतही. वाकणारं पॅनेल एकाच दिशेला वाकतं; दुसऱ्या दिशेला दाबून बसवलं की सेलला केसासारख्या बारीक चिरा पडतात. यावर उपाय म्हणजे सेलच अर्धे किंवा पट्ट्यांमध्ये कापायचे आणि साच्यात वाकवलेल्या काचेखाली निर्वात दाबाने बसवायचे. २.१ मिलिमीटर काच चौरस मीटरला सव्वापाच किलो भरते. ३ मिलिमीटर पॉलिकार्बोनेट ३.६ किलोच भरतं, पण नेहमीचा ईव्हीएचा चिकट थर पक्का व्हायला १४५ ते १५० अंश लागतात आणि पॉलिकार्बोनेट १४७ च्या आसपास मऊ पडतं. म्हणजे कमी तापमानाला पक्का होणारा वेगळा थर शोधणं आलं. रंगाच्या भट्टीतही हे भाग घालता येत नाहीत, ते रंगकामानंतर विंडशील्डच्या पॉलियुरेथेनने चिकटवावे लागतात. यालाच तुम्ही बाऊ म्हणालात. यातली एकही पायरी गाळता येत नाही.

दरवाजांचं म्हणाल तर 'सिऑन' म्युनिकमधली होती. ४५६ अर्धे सेल, सगळे मिळून १.२ किलोवॅट, प्लॅस्टिकच्या बॉडीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो प्रकल्प कंपनीने थांबवला. म्युनिक ४८ अंश उत्तरेला, तिथे डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर येतो. तेव्हा उभ्या दरवाजाला टपापेक्षा चांगलं ऊन मिळतं, त्यामुळे तिथे दरवाजे भरण्यात अर्थ होता. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो. ऐन दुपारी सूर्य डोक्यावर, दरवाजाला फक्त रस्त्यावरून परावर्तित झालेला उजेड. सकाळ-संध्याकाळी एकच बाजू कमावते, आणि तिलाही शेजारच्या गाडीची सावली. शिवाय बिजागरीतून जाणाऱ्या वायरी प्रत्येक उघडझापीला वाकणार, आणि पार्किंगमध्ये पहिला ओरखडा दरवाजालाच पडणार. बॉनेट त्यापेक्षा बरं, पण पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर ते दबायला हवं, तिथे जाड काच चालत नाही. इथल्या गाडीला टपच पुरे, हे माझं मत कायम आहे.

टप आणि बॉनेट दोन्ही भरले तरी त्यांची एकच माळ करू नका. दोघांचा उन्हाशी कोन वेगळा, आणि माळेतला सगळ्यात कमकुवत सेल बाकीच्यांचाही करंट अडवतो. प्रत्येक भागाला स्वतंत्र एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा चार्जर) हवा.

आणखी एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती. मोठी बॅटरी चार्ज करायची तर तिचे काँटॅक्टर (बॅटरी जोडणारे मोठे स्विच) आणि बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) जागे ठेवावे लागतात, आणि तेच बरेच वॅट खातात. सकाळी टपातून ४० वॅट येत असताना हा व्यवहार तोट्याचा. टोयोटाने २०१७ च्या प्रियसच्या १८० वॅट टपासाठी मध्ये एक छोटी बॅटरी ठेवली. ती भरली की मगच मोठी जागी होते.

चिकटवायचंच असेल तर ई-रिक्षा घ्या; तिथे तुमची कल्पना खरोखर उपयोगी आहे. ती किलोमीटरला ५० वॅट-तासांच्या आसपास खाते आणि स्टँडवर उन्हात उभी असते. १०० वॅटची दोन पॅनेलं सिरीजमध्ये, म्हणजे ३६ व्होल्ट. ४८ व्होल्टच्या बॅटरीसाठी व्होल्टेज वाढवणारा, बूस्ट प्रकारचा एमपीपीटी मागा. दुकानात सहसा उतरवणारा देतात, तो इथे निरुपयोगी. टपावर आधी ६ मिलिमीटरचा पोकळ पॉलिकार्बोनेट शीट बसवा, त्याच्या नळ्या पुढून मागे जातील असा, आणि दोन्ही तोंडांना जाळी, म्हणजे चालताना खालून हवा जाईल. पॅनेल त्यावर कडेने पॉलियुरेथेनने चिकटवा, पुढच्या कडेवर ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळा, नाहीतर वारा तिथूनच उचलतो. ४ चौरस मिलिमीटरची वायर, टपातून आत येताना ग्लँड (वायरीभोवती पाणी अडवणारं बूच), आणि १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. प्रत्येक पॅनेलमागे बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वगळून करंट पुढे जाऊ देणारा) आहे की नाही ते घेतानाच विचारा.

बसवल्या दिवशी आणि मग दर महिन्याला, दुपारी साडेबाराला, बॅटरी थोडी उतरलेली असताना, बॅटरीत जाणारा करंट क्लॅम्प मीटरने मोजून लिहून ठेवा. पॅनेल पुसूनही उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवशी तो २ अँपिअरच्या खाली राहिला तर प्रत्येक पॅनेलचा शॉर्ट-सर्किट करंट वेगवेगळा मोजा आणि जे कमी दाखवेल त्यावर हलक्या हाताने दाबून पाहा. दाबल्यावर काटा उडाला तर पट्टी तिथेच तुटली आहे.