उंची नुसती मोजू नका, वजाबाकीही करा

आमच्या आठवीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर चार जणांनी टाकला. त्याखाली हात जोडलेले, अंगठा दाखवणारे, धन्यवादाचे निरोप. दोन मातांनी मला वेगळं विचारलं, "सर, हे खरं आहे का हो?" मी गेली बावीस वर्षं शाळेत खेळ शिकवतो. दर जूनमध्ये मुलांना भिंतीला टेकवून त्यांची उंची रजिस्टरात लिहिणं हे माझंच काम. मी डॉक्टर नाही, पण या मजकुरामुळे एखाद्या मुलाची दोन-तीन वर्षं वाया जाऊ शकतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

मजकूर थोडक्यात असा: मुलांची उंची पंचविशीपर्यंत वाढते, काळजी नको. सहावी-सातवीत वर्गातल्या मुलींपेक्षा मुलगा बुटका असेल तर टॉनिक सुरू करा. आई-वडील ठेंगणे असतील तर फार आशा ठेवू नका. रोज वीस मिनिटं बारला लोंबकळलं की वर्षात तीन इंच वाढतात. जोर-बैठका, मल्लखांब, वजनं अठरा वर्षांपर्यंत बंद, कारण त्यानं हाडं दबतात. वाढीचं हार्मोन रात्री दहा ते दोनमध्येच सुटतं. आणि शेवटी दुधात घालायच्या एका पावडरीचा फोटो.

मुलींचं आधी घेतो, कारण ते सोपं आहे. मुलींच्या वाढीचा झपाटा मुलांच्या सुमारे दोन वर्षं आधी येतो. मुलीची वाढ साधारण साडेअकरा-बाराच्या सुमारास सर्वांत जोरात असते, मुलाची साडेतेरा-चौदाच्या सुमारास. त्यामुळे सहावी-सातवीच्या वर्गफोटोत मागच्या रांगेत मुली असणं हे ठरल्याप्रमाणेच आहे. मुलगा तोवर वर्षाला पाचेक सेंटिमीटरनं सावकाश वाढत असतो, आणि हीच दोन जास्तीची वर्षं त्याला पुढे कामी येतात. त्यात त्याचा झपाटाही मोठा, ऐन जोराच्या वर्षात ९ ते १० सें.मी. पुरुष आणि स्त्रियांच्या सरासरी उंचीत जो १३ सें.मी.च्या आसपासचा फरक दिसतो, तो मुख्यतः यातून येतो. टॉनिकची गरज नाही.

आता पंचविशी. याच वाक्यावर माझा सर्वांत जास्त राग आहे.

हाडं लांब होतात ती त्यांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यांमध्ये. डॉक्टर त्यांना ग्रोथ प्लेट म्हणतात. वयात येण्याच्या शेवटी या पट्ट्यांचं हाड होतं आणि ते हाड लांब होणं थांबतं. बहुतेक मुलांची उंची सतरा-अठरापर्यंत जवळपास पूर्ण होते, उशिरा वयात आलेला एखादा विशीपर्यंत थोडा वाढतो. विशीनंतर पोरगा उंच झाल्यासारखा वाटतो, कारण खांदे रुंदावतात, अंग भरतं, तो ताठ उभा राहायला लागतो.

गंमत अशी की हे वाक्य पूर्वी अगदीच खोटं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या गरीब घरांतली अर्धपोटी मुलं इतक्या सावकाश वाढत की विशी ओलांडल्यावरही त्यांची उंची वाढत राही. वयातही ती उशिरा येत. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या काळात लाइपझिग शहरातल्या गायकवृंदातल्या मुलांचा आवाज सतराव्या वर्षाच्या आसपास फुटायचा. आज आपल्या वर्गात तेरा-चौदाला फुटतो. पोटभर खाणारी मुलं लवकर वाढतात आणि लवकर थांबतात. म्हणजे आजच्या सोळा वर्षांच्या मुलाला "अजून नऊ वर्षं आहेत" असं सांगणं म्हणजे संपत आलेली मुदत भरपूर शिल्लक आहे असं सांगणं.

याचा तोटा कसा होतो ते माझ्याच रजिस्टरातून सांगतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगा होता, शांत, जरा सुस्त, गालांनी गुबगुबीत. सहावीच्या जूनमध्ये १३६ सें.मी., सातवीत १३८.५, आठवीत १४०.५. गणवेशाच्या पँटी आपल्याकडे आया आतून दोन इंच दुमडून घेतात आणि दर जूनमध्ये दुमड सोडतात. सोडलेल्या जागी कापड गडद राहतं, त्यामुळे आठवीच्या मुलाच्या पायाशी एक-दोन पट्टे दिसतातच. या मुलाच्या पँटीला पट्टा नव्हता, तीन वर्षं तीच दुमड. त्याच्या वडिलांनी विचारलं तेव्हा मीच म्हणालो, "वाढेल हो, मुलं उशिरा वाढतात." नववीत त्याच्या मावशीनं हट्टानं रक्त तपासून घेतलं. थायरॉइड फार कमी निघालं. गोळी सुरू झाली, मुलगा वर्गात जागा राहायला लागला आणि उंचीही पुन्हा धरली. पण गेलेलं सगळं भरून आलं नाही. आकडे माझ्या हातचे होते, एकाखाली एक लिहिलेले. मी वजाबाकी केली नव्हती.

तेव्हापासून मी उंचीपेक्षा दोन उंचींमधला फरक पाहतो. मुलगा रांगेत पहिला, म्हणजे सर्वांत बुटका असेल आणि दर वर्षी पाच सेंटिमीटर वाढत असेल तर बहुधा त्याचं बरं चाललं आहे. रांगेत मधोमध असलेला मुलगा तीनच वाढला तर तो दाखवायला हवा. झपाट्याच्या आधी वेग थोडा मंदावतो हे खरं, पण वर्षाला ४ सें.मी.पेक्षा कमी वाढ असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं. थायरॉइड, गव्हातलं ग्लुटेन न सोसणारी आतडी, मूत्रपिंडाचे आजार, वाढीच्या हार्मोनची कमतरता अशी कारणं पुष्कळदा आधी उंचीतच दिसतात आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. पण उंचीपुरते हे उपाय ग्रोथ प्लेट उघड्या असेपर्यंतच चालतात. त्या मिटल्यावर हार्मोनच्या इंजेक्शनांनीही हाड लांब होत नाही.

उशिरा वाढणारी मुलं नसतात असं मी म्हणत नाही. नववीच्या जूनमध्ये १४६ असलेला एक मुलगा मला आठवतो, कबड्डीच्या संघात कुणी घेत नसे. त्याच्या वडिलांनी सांगितलं, "मीही अकरावीत वाढलो, दहावीच्या फोटोत मी पहिल्या रांगेत बसलोय." तरीही डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डाव्या हाताचा एक्स-रे काढला. मनगट आणि बोटांच्या हाडांवरून हाडांचं वय कळतं, क्रिकेटमध्ये वयचोरी पकडायला वापरतात तोच एक्स-रे. वय चौदा, हाडं बाराची. म्हणजे घड्याळ मागे होतं, बंद पडलेलं नव्हतं. तो पुढे १७१ झाला. त्यालाही वाट पाहायलाच सांगितलं होतं, पण तपासून.

याच्या उलट एक होता. सहावीत १५८, ओठावर लव, चौदा वर्षांखालच्या गटात सगळ्यांना उचलून फेकायचा. घरचे म्हणायचे, सहा फूट होणार. असा उफाड्याचा मुलगा लवकर वाढतो आणि लवकर मिटतो. तो १६४ ला थांबला. मुलांमध्ये वयात येण्याची पहिली खूण म्हणजे वृषणांचा आकार वाढणं. ती घरी सहसा लक्षात येत नाही, आवाज आणि मिसरूड बरंच नंतर येतं. नऊ वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या किंवा चौदा उलटूनही काहीच दिसलं नाही, तर दोन्ही वेळा डॉक्टर.

"आई-वडील ठेंगणे तर आशा नको." डॉक्टरांचा एक साधा हिशेब आहे: आई आणि वडिलांच्या उंचीची बेरीज, अधिक १३, भागिले २. वडील १६८ आणि आई १५४ असतील तर १६७.५. याच्या दोन्ही बाजूंना साधारण ८ सें.मी. धरा, म्हणजे मुलगा १६० ते १७५ च्या दरम्यान कुठेही निघू शकतो. उंचीत वारशाचा वाटा मोठा आहे. २०२२ साली ५४ लाख लोकांच्या अभ्यासातून उंचीशी जोडलेले बारा हजारांहून अधिक जनुकीय फरक सापडले. पण आई-वडिलांची स्वतःची उंची उपासमारीत, आजारपणात अडलेली असू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डच सैन्यभरतीतली मुलं सरासरी १६५ सें.मी.च्या आसपास होती, आज डच तरुण १८३ च्या आसपास आहेत. एवढ्या काळात त्यांची जनुकं बदलली नाहीत. दूध, स्वच्छ पाणी, कमी आजारपण, हे बदललं.

लोंबकळण्याबद्दल. मणक्यांमधल्या गाद्या दिवसभराच्या भारानं दबतात आणि रात्री झोपेत पुन्हा फुगतात. म्हणून प्रत्येक माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर तरी उंच असतो. फ्रान्समध्ये माँबेयार नावाच्या सरदारानं १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षं आपल्या मुलाची उंची नियमित मोजली. एकाच मुलाच्या वाढीची ती जगातली पहिली सलग नोंद. दिवसभरात उंची अशी घटते हे त्या नोंदींमधूनही पुढे आलं. लोंबकळल्यावर मिळतं ते तेवढंच, तात्पुरतं. पकड मजबूत होते, खांदे मोकळे होतात, म्हणून माझ्या मुलांना मी बारला लटकवतो. तीन इंचांसाठी नाही.

मल्लखांबाचं मात्र मनाला लागतं. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी रुजवलेला हा व्यायाम, आणि आज पालक मुलाचा हात धरून खांबापासून दूर नेतात. मल्लखांबावरची मुलं चणीनं लहान दिसतात, कारण लहान चणीच्या मुलाला खांबावर वळणं सोपं जातं, तोच टिकतो आणि तोच स्पर्धेत दिसतो. बास्केटबॉलनं मुलं उंच होत नाहीत, उंच मुलं बास्केटबॉलला जातात, तसंच हे. जोर-बैठका, सूर्यनमस्कार, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली बेताची वजनं, यांनी उंची खुंटते याला आधार नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही हेच मत आहे. जपायचं ते दुखापतीला. हाडाच्या टोकाशी मोडलं तर ग्रोथ प्लेटला इजा होऊ शकते, म्हणून मित्रांच्या पैजेवर दुप्पट वजन उचलू देऊ नका.

जिममधला खरा धोका मजकुरात आलाच नाही. पंधरा-सोळाच्या मुलांना 'बॉडी' व्हावी म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं देणारे लोक आहेत. ती टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या जातीची असतात. शरीर त्यातल्या काहींचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं हार्मोन, करतं, आणि ग्रोथ प्लेट मिटवतं ते इस्ट्रोजेनच, मुलांमध्येसुद्धा. १९९४ साली अमेरिकेत अठ्ठावीस वर्षांच्या एका माणसाची नोंद झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेन ओळखताच येत नव्हतं. तो २०४ सें.मी. होता, हाडं पंधरा वर्षांच्या मुलासारखी, आणि अजून वाढत होता. यावरून कळतं की इस्ट्रोजेनशिवाय ग्रोथ प्लेट मिटत नाहीत, आणि बाहेरून घेतलेलं इंजेक्शन त्या वेळेआधीच मिटवू शकतं. दंड फुगतो आणि उंची तिथेच राहते.

झोप हवीच, आठ ते दहा तास. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत जोरानं सुटतं, विशेषतः झोप लागल्यावर पहिल्या टप्प्यात. पण ते झोपेच्या मागून येतं, भिंतीवरच्या घड्याळाच्या मागून नाही.

आणि पावडर. डबा उलटा करून मागचं वाचा, साखर कितवी आहे ते बघा. ज्याच्या ताटात डाळ, दूध, अंडं, शेंगदाणे, पालेभाजी कमी पडते त्याची उंची अन्नानं सुधारते, पावडरीच्या पैशात हे सगळं येतं. ज्याला हे मिळतंय त्याला वरून पावडर घालून उंची वाढत नाही, वजन वाढतं. जाड मूल लहानपणी उंच दिसतं, पण पुढे त्याची उंची त्यामुळे जास्त होत नाही.

घरी मोजायचं तर असं. अनवाणी, टाचा, ढुंगण आणि पाठ भिंतीला, नजर समोर सरळ. डोक्यावर जाड पुस्तक भिंतीला काटकोनात धरा आणि त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलची रेघ. दर वेळी दिवसाची तीच वेळ. महिन्याला मोजू नका, सहा महिन्यांनी मोजा, तारीख लिहा. मधल्या काळात बुटांकडे लक्ष ठेवा. झपाट्यात पाय आधी वाढतात, मग पायांची लांबी, धड सर्वांत शेवटी. वर्षात दोनदा बुटाचा नंबर बदलला तर उंची मागून येतेय असं समजा. हे आकडे भारतीय मुलांच्या तक्त्यावर मांडायला डॉक्टरांना सांगा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली ५ ते १८ वयासाठी सुधारलेले तक्ते काढले. ते तयार करण्यात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकरांचा मोठा वाटा आहे.

आमच्या शाळेत व्यायामशाळेच्या दाराच्या चौकटीवर पट्टी लावली आहे. येत्या १५ डिसेंबरला सकाळी साडेसात ते नऊ मी तिथे असेन, सहावी ते दहावीची जूनची रजिस्टरं घेऊन. ज्यांना यायचंय त्यांनी मुलाबरोबर या, वजाबाकी तिथेच करू.