रात्री मेन स्विच कोण बंद करतं?

पुन्हा तेच! सकाळी लॅब उघडली तर हवेतला ओलावा शोषणारा डीह्युमिडिफायर बंद. दारावर मराठी, कोंकणी, इंग्रजीत पाटी लावली, तरी रात्री कुणीतरी मेन स्विच पाडतंच. अहो, गोव्यातला जुलै आहे हा! आठवड्यात चपलेला बुरशी धरते, तिथं लेन्सचं काय? आज ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे वस्तूकडची लेन्स, उजेडात धरली, तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशीनं खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. आमचा लाल लेसर ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीचा, होलोग्राममध्ये, म्हणजे लेसरनं टिपलेल्या त्रिमितीय चित्रात, तिच्या अंशाएवढा फरकही उमटतो. मग पोरं महिनाभर ते चित्र उलगडणाऱ्या अल्गोरिदममध्ये चूक शोधत बसतात! चार हुशार मुलं गोव्यातच राहावीत म्हणून नवा ग्रुप उभा करायचा, आणि अडतं एका बटणावर. नवी लेन्स म्हणजे तीन कोटेशनं, मग चवथीच्या सुट्ट्या. दिवाळीपर्यंत बसा वाट बघत.