‘पालिका काय करणार?’ या फॉरवर्डला उत्तर

विजेची टंचाई आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: वीज पुरवणं हे सरकारचं आणि वीज कंपन्यांचं काम, पालिकेच्या हातात काही नाही. ती फार तर पथदिवे बंद करते आणि चोरांचं फावतं. टंचाई संपली की काटकसरही संपते. आणि ते ‘शाश्वत नियोजन’ वगैरे श्रीमंत शहरांची हौस. चारही वाक्यं ठसक्यात, म्हणून पटकन पटतात. एकेक घेऊ.

‘पालिकेच्या हातात काही नाही.’ वीजनिर्मिती बहुतेक पालिकांच्या हातात नसते, हे कबूल. पण टंचाईला मागणीचीही बाजू असते, आणि तिथे पालिका स्वतःच मोठं गिऱ्हाईक असते. चर्चा होते दिव्यांची. पाणी उपसण्याच्या बिलाकडे फारसं कुणी बघत नाही. साधा हिशेब करा. रोज एक कोटी लिटर पाणी 60 मीटर उंच चढवायचं आणि पंप-मोटरची मिळून कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर दिवसाला सुमारे 2,700 युनिट लागतात. त्यातलं 30 टक्के पाणी वाटेत गळत असेल, तर रोजची 800 युनिट वीज जमिनीत मुरली. गळती पाणीपुरवठा विभागाची, बिल विद्युत विभागाचं, त्यामुळे हा आकडा कुणाच्याच टेबलावर येत नाही.

पंपघरात डोकावलं तर आणखी एक गोष्ट दिसू शकते. पंप गरजेपेक्षा मोठा घेतलेला, पाणी जास्त येतं म्हणून पुढचा व्हॉल्व्ह अर्धा आवळलेला. पाइप थरथरतोय, आणि हे वर्षानुवर्षं चाललंय. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवायचा आणि वेग ब्रेकने आवरायचा, त्यातला प्रकार. पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं फिरतं चाक, कापून लहान करून घ्यायला राजधानीतून मंजुरी यावी लागत नाही. टाक्या सायंकाळच्या गर्दीच्या तासांत न भरता मध्यरात्री भरायलाही नाही. टाक्यांची वेळ बदलून युनिट वाचत नाहीत, हे खरं. पण टंचाई बहुतेकदा ठरावीक तासांचीच असते, आणि ते तास हलके होतात.

पालिकेचं नागरिकांवर किती चालतं, याचं उत्तर लॉस एंजेलिसने 1973 सालीच दिलं. अरब देशांनी तेल रोखलं आणि शहराची वीजकेंद्रं तर तेलावर विसंबलेली. आधी दुकानं-कचेऱ्यांचे तास तोडायचा विचार पुढे आला. त्यावर ओरड झाली, तेव्हा महापौर टॉम ब्रॅडली यांनी व्यापारी आणि कामगार प्रतिनिधींनाच समितीत बसवलं. त्यातून डिसेंबरमध्ये नियम आला: घरांनी आणि कारखान्यांनी 10 टक्के, व्यापारी ग्राहकांनी 20 टक्के वापर कमी करायचा. कसा करायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. नाही केला तर बिलावर 50 टक्के अधिभार. वापर लक्ष्यापेक्षाही जास्त घटला. तिथली वीजसेवा शहराच्याच मालकीची होती, हे खरं, आणि अधिभाराची ताकद त्यातूनच आली. पण ‘किती ते आम्ही सांगतो, कसं ते तुम्ही ठरवा’ ही युक्ती कुठलीही पालिका आपल्या विभागांवर, शाळांवर, दवाखान्यांवर उद्यापासून वापरू शकते.

‘दिवे विझवले की गुन्हे वाढतात.’ इंग्लंड आणि वेल्समधल्या 62 स्थानिक संस्थांची 14 वर्षांची आकडेवारी तपासणारा अभ्यास 2015 मध्ये आला. दिवे बंद करणं, मध्यरात्रीनंतर बंद करणं किंवा मंद करणं, यांमुळे गुन्हे किंवा रात्रीचे अपघात वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. पण उलट टोकही गाठू नये. न्यूयॉर्कमध्ये सरकारी वसाहतींच्या आवारात प्रखर दिवे लावून पाहिले, तेव्हा रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले. म्हणजे कुठला दिवा, कुठे आणि किती वाजता, हा खरा प्रश्न. सगळ्या शहराचा एकच खटका ओढणारी पालिका आळशी असते. काटकसरी म्हणून तिचं कौतुक नको. रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईला वाटणारी भीती कुठल्याही सरासरीत बसत नाही, तेव्हा तिच्या वाटेवरचा दिवा मंद करावा, विझवू नये.

‘टंचाई संपली की काटकसर संपते.’ अलास्कातल्या जुनो शहराकडे बघा. एप्रिल 2008 मध्ये हिमकडा कोसळला आणि जलविद्युत आणणारी वाहिनी तुटली. डिझेलवर वीज करावी लागली, दर जवळजवळ पाचपट झाला. लोकांनी ड्रायर बंद करून कपडे दोरीवर घातले, नको ते दिवे मालवले. टंचाईच्या काळात वापर सुमारे 25 टक्क्यांनी उतरला. दराच्या धसक्याने उतरला, उपदेशाने नव्हे, हे मान्य. पण वाहिनी दुरुस्त झाली, दर खाली आला, तरी वापर आधीपेक्षा सुमारे 8 टक्के कमीच राहिला. बदललेला दिवा कुणी पुन्हा काढून जुना लावत नाही. म्हणून टंचाईच्या आठवड्यांत निव्वळ ‘जपून वापरा’ची भित्तिपत्रकं लावणं मला वाया घालवलेली संधी वाटते, त्याच दिवसांत उपकरणं बदलून घ्यावीत.

‘श्रीमंतांची हौस.’ ऑस्ट्रियातलं ग्युसिंग हे हंगेरीच्या सीमेजवळचं गाव, तेव्हा देशातल्या गरीब भागात मोडणारं. इंधनाचं बिल झेपेना, म्हणून 1990 च्या सुमारास गावाच्या परिषदेने सार्वजनिक इमारतींत तेल-कोळसा सोडायचं ठरवलं. सुरुवात इमारतींतून होणारी उष्णतेची गळती बुजवण्यापासून केली आणि ऊर्जेवरचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आणला. लाकडापासून गॅस करणारं त्यांचं गाजलेलं केंद्र पुढे बंद पडलं, हे फॉरवर्डवाले आवर्जून सांगतील, आणि सांगावंच. बंद पडलं ते यंत्र. भिंती-खिडक्यांतून वाचणारी उष्णता वाचतच राहते.

राहता राहिला ‘हे सरकारचं काम’ हा मुद्दा, म्हणजे आदेश वरूनच यावा लागतो हा समज. बार्सिलोनात 2000 मध्ये शहराचा एक नियम लागू झाला: नव्या इमारतींना लागणाऱ्या गरम पाण्याचा 60 टक्के भार सूर्याने उचलायचा. 2006 मध्ये स्पेनने तसाच नियम देशभर लागू केला. आदेश त्या वेळी खालून वर गेला होता, आणि तो निघाला होता बांधकाम परवान्याच्या खिडकीतून.