स्टेम सेल लिम्फोमाला गिळत नाहीत

हातोहात फिरणारा एक मजकूर परवा माझ्यापर्यंतही आला. त्याचा सारांश असा: लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर, कितीही आक्रमक असो, केमोच्या यातना सोसू नका. स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, घाला; नव्या पेशी कॅन्सरला गिळतात. साधं ऑपरेशन आहे, फक्त दाता हवा. पहिल्याच दिवशी मागणी करा, कारण डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत.

‘नव्या पेशी कॅन्सरला गिळतात.’ बाकीच्या चुका याच चुकीच्या पोटातून निघाल्या आहेत. आक्रमक लिम्फोमात बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी वापरतात. त्या आधी रक्तातून गोळा करून गोठवून ठेवतात. मग केमोचा जबर डोस देतात. ‘बीम’ नावाच्या पद्धतीत चार औषधं सहा दिवसांत जातात. या माऱ्यात लिम्फोमाबरोबर अस्थिमज्जाही करपते आणि रक्त तयार होणंच थांबतं. तेव्हा राखून ठेवलेल्या पेशी शिरेतून परत देतात; यालाच प्रत्यारोपण म्हणतात. त्या मज्जेत रुजून साधारण दहा ते चौदा दिवसांत रक्त बनवू लागतात. म्हणजे आजार मारतं ते औषध. पेशी त्या औषधाच्या तडाख्यातून माणसाला बाहेर काढतात.

‘केमो टळते.’ टळते कुठली, वाढते! आधी दुसऱ्या फळीच्या, म्हणजे पहिला उपचार अपुरा पडल्यावरच्या, केमोचे दोन-तीन हप्ते देऊन आजार दाद देतो का ते पाहतात. दाद न देणाऱ्या आजारात प्रत्यारोपणाचा फारसा उपयोग होत नाही. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्मा’ चाचणीत आजार उलटलेले, पण केमोला दाद दिलेले 109 रुग्ण होते. पाच वर्षांनी प्रत्यारोपणाच्या गटात 53 टक्के जिवंत होते, नुसत्या केमोच्या गटात 32 टक्के. फायदा खराच, पण तो निवडलेल्या रुग्णांना झाला.

‘साधं ऑपरेशन.’ चाकू लागतच नाही, पेशी सलाईनसारख्या चढवतात. गोठवताना वापरलेल्या द्रावणामुळे खोलीत लसणासारखा वास पसरतो, एवढंच काय ते नाट्य. खरी परीक्षा पुढच्या दोन आठवड्यांची. पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर येतात, तोंड सोलवटतं, संसर्ग जिवावर बेतू शकतो.

‘दाता हवा.’ स्वतःच्या पेशी असतील तर नको. दुसऱ्याच्या पेशींचं प्रत्यारोपणही करतात, आणि मजकुरात तथ्याचा कण असलाच तर तो इथे आहे: दात्याच्या प्रतिकारपेशी लिम्फोमावर खरोखर हल्ला करतात. पण त्याच पेशी रुग्णाची त्वचा, आतडी आणि यकृतही परकं मानतात. म्हणून हा मार्ग मोजक्यांसाठीच.

‘पहिल्याच दिवशी मागा.’ सर्वाधिक आढळणाऱ्या आक्रमक प्रकारात, म्हणजे मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमात, ‘आर-चॉप’ या औषधांच्या पहिल्या उपचारानेच दहांतले सुमारे सहा जण बरे होतात. त्यांना हा मारा कशासाठी? यात कसलं आलंय लपवणं? आणि वर्षभराच्या आत आजार उलटला किंवा पहिल्या उपचाराला दबलाच नाही, तर आता ‘कार-टी’ पेशींचा, म्हणजे लिम्फोमावर हल्ला करतील अशा बदलून घेतलेल्या रुग्णाच्याच प्रतिकारपेशींचा, विचार आधी होतो. ‘झूमा-7’ चाचणीत चार वर्षांनी कार-टी गटात सुमारे 55 टक्के रुग्ण जिवंत होते, केमो आणि दाद मिळाल्यास प्रत्यारोपण या जुन्या मार्गाने गेलेल्यांत 46 टक्के. वर्षानंतर उलटलेल्या आणि केमोला दाद देणाऱ्या आजारात मात्र प्रत्यारोपण आजही करतात.