आंतरराष्ट्रीय व्हा, पण जळगाव सोडू नका

प्राध्यापक मित्रहो, परदेशात जाऊन संशोधन करायला पैसे मिळतात ही अफवा दुर्दैवाने खरी आहे. युरोपियन युनियनची मेरी क्यूरी फेलोशिप आहे, जर्मनीची डाड (DAAD) ही शिष्यवृत्ती आहे, तिथलीच हुम्बोल्ट फेलोशिप आहे, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू आहे, संयुक्त संशोधनाला पैसे देणारं, फ्रान्सबरोबर १९८७ पासून चाललेलं सेफिप्रा हे केंद्र आहे. जरा बेसावध राहिलात तर एखाद्या सप्टेंबरात मेरी क्यूरीचा अर्ज भरून बसाल, आणि ऐन भरीत पार्ट्यांच्या दिवसांत बेल्जियममध्ये पाव चावत असाल. हे संकट टाळायचे काही उपाय आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेत. ते एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी व्हॉट्सअॅप. फेलोशिपची पीडीएफ आली की उघडायची नाही, पुढे ढकलायची. ती वरून विद्यापीठात, विद्यापीठातून प्राचार्यांकडे, तिथून विभागप्रमुखांकडे आणि शेवटी ग्रुपवर येईपर्यंत मुदत संपून दोन दिवस झालेले असतात. तेव्हा खाली ‘खूप उपयुक्त माहिती सर’ असं लिहा. हुम्बोल्टने इथे जरा पंचाईत केलीय. त्यांच्या फेलोशिपला शेवटची तारीखच नाही, वर्षभर कधीही अर्ज करता येतो. पण घाबरू नका. ज्याला शेवटची तारीख नाही ते काम आपल्याकडे आजवर कुणी केलेलं नाही.

पात्रतेच्या अटी वाचू नका, कारण वाचल्या तर तुम्ही पात्र निघण्याची भीती असते. मेरी क्यूरीची एक अट अशी, की ज्या देशात जायचंय त्या देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम झालेला नसावा. ज्यांचा गेल्या तीन वर्षांतला सगळ्यात लांबचा मुक्काम बऱ्हाणपूरच्या लग्नात झाला, ते या अटीत लख्ख बसतात. यातून सुटायची वाट एकच: पीएच.डी.नंतर संशोधनाच्या अनुभवाला आठ वर्षांची मर्यादा आहे, ती निघून जाऊ द्यायची. आधी बढतीची, म्हणजे कॅसची फाईल, मग घराचं कर्ज, मग परीक्षा विभागाचं काम. आठ वर्षं कशी जातात कळत नाही.

आता विषय. इथे सगळ्यात जास्त जपायचं. रावेर-यावलच्या केळीवर हरण्या रोग येतो, शेतकरी उभी झाडं उपटून बांधावर टाकतो. केळी वाळवणाऱ्या पनामा रोगाच्या बुरशीची टीआर-४ ही जात आशियातून निघून २०१९ मध्ये कोलंबियात पोचली, तेव्हा तिकडे राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला माणसं या बुरशीमागे वर्षानुवर्षं लागली आहेत. आणि जगातला केळीच्या वाणांचा सगळ्यात मोठा संग्रह कुठे असावा? बेल्जियममध्ये, ल्यूव्हेनला. शेतात केळीचा एक खांब उभा राहणार नाही अशा गावात दीड हजारांहून जास्त वाण काचेच्या नळ्यांत सांभाळून ठेवलेत. म्हणजे त्यांच्याकडे वाण आहेत, प्रयोगशाळा आहे, पैसा आहे. आपल्याकडे बाग आहे, रोग आहे आणि ‘सर, एकदा येऊन बघून जा’ म्हणणारा शेतकरी आहे. अशी जोडी जमली तर प्रकल्प मंजूर व्हायला वेळ लागणार नाही. तेव्हा केळीला हात लावू नका. नंदुरबारच्या पाड्यांवरचा सिकलसेल हा रक्ताचा आजारही सोडून द्या. नॅनोवर, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या तंत्रज्ञानावर लिहा. नॅनोवर सगळेच लिहितात, त्यामुळे तुमचा अर्ज गर्दीत सुखरूप हरवेल.

तरीही घरचे मागे लागले तर परदेशी प्राध्यापकाला मेल करा, पण रीतसर. त्याचा एकही पेपर वाचायचा नाही. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ अशी सुरुवात करून तोच मजकूर एकदम दोनशे जणांना पाठवायचा, सोबत दहावीच्या गुणपत्रिकेसह चाळीस पानी बायोडाटा. उत्तर येणार नाही. मग स्टाफरूममध्ये म्हणायला मोकळे, की तिकडे सगळं ओळखीवर चालतं. (एका माणसाला, त्याचं काम वाचून, दहा ओळींचं पत्र लिहिलं तर उत्तर येतं, असं काही लोक सांगतात. अशा लोकांपासून दूर राहा.)

एवढं करूनही अर्ज तयार झालाच, तर शेवटची तटबंदी भक्कम आहे: ना हरकत प्रमाणपत्र. फुलब्राइट-नेहरूवाले नोकरदार अर्जदाराकडून संस्थेची शिफारस आणि रजा मिळेल अशी हमी मागतात. त्या कागदासाठी ऑफिसात गेलात की संवाद साधारण असा होतो.

“आप्पा, माझी फाईल?”

“साहेबांच्या टेबलावर.”

“साहेब?”

“चोपड्याला लग्नाला.”

“मुदत परवाची आहे हो.”

आप्पा चष्मा काढतात, तुमच्याकडे प्रेमाने बघतात. “तठे जाईसन काय करशी रे भो? आठेच बरं शे.”

साहेब परतले की त्यांची शंका वेगळी: हा गेला की परत येणार नाही. फुलब्राइटसाठी अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर गेलेल्या फेलोला नंतर दोन वर्षं मायदेशी राहावंच लागतं, हे त्यांना समजावून सांगू नका. ते घाबरतील. माणूस परत येतो आणि प्रयोगशाळेतलं बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करून मागतो, हे जास्त वाईट.

आंतरराष्ट्रीय तर दिसायला हवंच, त्याशिवाय कॉलेजला श्रेणी द्यायला येणाऱ्या नॅक कमिटीला काय दाखवणार? त्यासाठी सामंजस्य करार करा. कुठल्याही देशाचा पाहुणा चालतो, अजिंठा बघायला आलेला असला तर उत्तम. शाल, श्रीफळ, दोन पानांचा कागद, मागे बॅनर. करारात काम काय, कुणी करायचं, पैसे कुणाचे, यातलं काही लिहू नका, वाद होतात. सेफिप्राला एक भारतीय आणि एक फ्रेंच शास्त्रज्ञ मिळून लिहिलेला प्रस्ताव लागतो, कोण काय करणार ते सांगावं लागतं. शालीला असली कटकट नाही. आणि बँकॉकची चार दिवसांची परिषद आहेच: पैसे भरा, फोटो काढा, प्रमाणपत्र घ्या, चौथ्या दिवशी खरेदी.

एवढ्या बंदोबस्तातूनही कधीतरी तुमच्याच विभागातली एखादी मुलगी निसटते. सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर शिकवणारी, ग्रुपवर कधी काही न लिहिणारी, आणि कायम नोकरीत नसल्यामुळे आप्पांच्या फाईलची गरज न पडलेली. डाडचं पत्र घेऊन पेढे द्यायला येते तेव्हाच कळतं. त्या वेळी अजिबात गडबडू नका. दुपारपर्यंत गेटवर फ्लेक्स लागला पाहिजे, ‘आमच्या मार्गदर्शनाखाली जर्मनीस रवाना’. वर संस्थाध्यक्ष, बाजूला प्राचार्य, मधे तुम्ही. तिचा फोटो खालच्या कोपऱ्यात मावतो. फ्लेक्सवाल्याकडे तो मापच तयार असतो.