पुरातत्त्व घेतलं म्हणजे पोरगं वाया गेलं, हे कुणी ठरवलं?

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या पालकांमध्ये एक फॉरवर्ड फिरायला लागतो. त्यात म्हणे ग्रॅज्युएशनला पुरातत्त्व घेऊ नका, नोकऱ्या नाहीत, तीन वर्षं नुसते खड्डे खणायचे, सायन्सच्या मुलांचा तर तिथे काही उपयोगच नाही, आणि तसंही जे सापडायचं ते सगळं सापडून झालंय. मी हाच विषय शिकलेय आणि हे वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण यामुळे चांगली आवड असलेली मुलं मागे फिरतात.

आधी नोकरीचं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. नुसत्या बी.ए.वर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात अधिकारी होता येत नाही, पुढे एम.ए. आणि स्पर्धा परीक्षा आहेतच, शिवाय जागा कमी निघतात. तेव्हा तीन नाही, पाच वर्षांचा हिशोब धरूनच उतरा. पण ही पण एक पदवीच आहे ना, एमपीएससी-यूपीएससीचा रस्ता इथूनही उघडाच असतो. उलट बी.ए. दुसऱ्या विषयात केलं तरी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर येऊ शकतो. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात बी.ए.पासूनच हा विषय आहे.

खड्डे खणण्याचं म्हणाल तर ज्याने ट्रेंचमध्ये, म्हणजे उत्खननाच्या चरात, पाय ठेवलाय तो असं बोलणार नाही. खुरपीने मातीचा एकेक थर सोलत जायचं, रंग किंवा पोत जरा बदलला की थांबायचं, माती चाळायची, खापरं धुवून त्यांच्यावर नंबर घालायचे, मोजमापं आणि ड्रॉइंग करायचं. कुठल्या थरातून आलं हे लिहून ठेवलं नाही तर सुंदरातलं सुंदर खापरही नुसतं खापरच राहतं.

सायन्सचा मुद्दा तर साफ चूक. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला 1968 ते 1983 एका प्राचीन वस्तीचं उत्खनन चाललं, तिथे जळालेलं धान्य तपासून कळलं की लोक बार्ली पिकवत होते, माणसांची आणि जनावरांची हाडं अभ्यासली, कार्बन डेटिंगने काळ ठरवला. बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री आलेल्या मुलांना इथे कामच काम आहे.

आणि सगळं सापडून झालंय? नाशिकच्या माणसाने तरी हे बोलू नये. पांडवलेण्यात 10 नंबरच्या लेणीत क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले, 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1000 पाऊण टक्क्याने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 चं वर्षाचं व्याज 240 होतं आणि लेखात पावसाळ्यात लेणीत राहणाऱ्या 20 भिक्खूंना कापडासाठी प्रत्येकी 12 सांगितलेत, करून बघा, हिशोब पैशाला पैसा जुळतो. चक्क फिक्स्ड डिपॉझिट! पुढे 1906 मध्ये जोगलटेंभीला याच नहपानाची 13 हजारांहून जास्त नाणी मिळाली आणि त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला, म्हणजे राज्य कुणी घेतलं ते नाण्यावरच उमटलंय, आणि तिकडे 3 नंबरच्या लेणीत गौतमीपुत्राची आई बलश्री लिहिते की माझ्या मुलाने क्षहरातांचा नायनाट केला. लेख एकीकडे, नाणी दुसरीकडे, दोन्ही शेजारी ठेवून वाचता आलं म्हणून गोष्ट कळली, आणि हे वाचणंच या डिग्रीत शिकवतात.

त्यात गोदाकाठची मातीची गढी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, जिथे 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं, ती काही पूर्ण खणून झालेली नाही. आता सिंहस्थासाठी घाट-रस्त्यांची कामं चाललीत, जेसीबीच्या बकेटमधून खापरं वर आली तर ती ओळखणारं कुणीतरी तिथे उभं असायला नको का?

ज्यांना खरंच ॲडमिशन घ्यायचीय त्यांनी कॉलेजला आधी एवढं विचारा, की फील्डला किती दिवस नेता, मुलं स्वतः ड्रॉइंग आणि नोंदी करतात का, आणि आधीच्या बॅचची मुलं आत्ता कुठे आहेत. नीट उत्तर आलं नाही तर कॉलेज बदला, विषय नको.